कंट्रोलर ७० सेकंदांत पलटला, तरी ११ व्हीएम रीड-ओन्ली का झाल्या?

रबाळे_रात्रपाळी | सोमवार, सकाळी ६:५०

मंडळी, रात्रभर जागा आहे. शुद्धलेखनाकडे दुर्लक्ष करा.

आमचं रबाळ्याच्या डेटा सेंटरमध्ये दोन कंट्रोलरचं (डिस्कचा कारभार बघणारे दोन मेंदू) स्टोरेज आहे. फायबर चॅनलवर (स्टोरेजचं वेगळं नेटवर्क) ईएसएक्सआयचे (व्हीएमवेअरचं सर्व्हरवरचं सॉफ्टवेअर) सहा होस्ट, म्हणजे खरे सर्व्हर, वर साधारण शंभर व्हीएम, म्हणजे त्यांत चालणारी आभासी मशीन. काल रात्री स्टोरेजचं फर्मवेअर (आतलं सॉफ्टवेअर) बदलायचं होतं. पद्धत नेहमीचीच: एक कंट्रोलर खाली घ्यायचा, दुसरा त्याचा संसार सांभाळतो, पहिला वर आला की अदलाबदल. स्टोरेजवाल्यांचा इंजिनियर शेजारी बसला होता आणि दर पाच मिनिटांनी "सर, नॉन-डिसरप्टिव्ह आहे" एवढंच म्हणत होता.

१:२० ला पहिला कंट्रोलर खाली गेला. लेटन्सीचा (उत्तर यायला लागणाऱ्या वेळेचा) आलेख सरळ छताला लागला आणि बरोबर ७० सेकंदांनी खाली आला. मी चहा सांगितला. चहा यायच्या आत अ‍ॅप्लिकेशनवाल्यांचा फोन: "फाइल सेव्ह होत नाहीये."

बघतो तर ११ लिनक्स व्हीएम रीड-ओन्ली, वाचता येतं पण लिहिता येत नाही! बाकीच्यांना काही नाही. विंडोजला तर ओरखडाही नाही. एकाच होस्टवर, एकाच डेटास्टोअरवर (व्हीएमच्या डिस्क ठेवायची जागा) शेजारी-शेजारी असलेल्या दोघींपैकी एक गेली, एक ठणठणीत. पिंग सगळ्यांचं चालू, मॉनिटरिंगचा बोर्ड हिरवागार, आणि एसएसएच केलं की पासवर्ड टाकल्यावर नुसतं थांबून राहायचं.

नशिबाने एका कन्सोलचा मोबाईलवर फोटो काढून ठेवला. त्यात आधी 'टास्क अ‍ॅबॉर्ट', मग 'रिजेक्टिंग आय-ओ टू ऑफलाइन डिव्हाइस', मग 'रीमाउंटिंग फाइलसिस्टम रीड-ओन्ली'. बाकीच्या दहा घाईत रीबूट केल्या, एफएससीके (फाइलसिस्टमची तपासणी) झालं, उठल्या. त्यांच्या लॉगमध्ये त्या वेळचं एक अक्षर नाही.

दुसरा कंट्रोलर पुढच्या रविवारी आहे. चूक नक्की कोणाची? स्टोरेजची, व्हीएमवेअरची की आमची?

कुर्ला_लोकल | सकाळी ७:१५

रविवारी रात्री काम काढलंत म्हणजे तो मेगाब्लॉकच. जलद मार्गावरच्या गाड्या धिम्या मार्गावर वळवल्या, ८९ गाड्या निमूट उभ्या राहिल्या, आणि ११ गाड्यांतले प्रवासी रुळावर उतरून चालायला लागले.

तांत्रिक काही येत नाही. वाखु (वाचनखूण) साठवतो.

मुलुंडचा_म्हातारा | सकाळी ८:०५

कुर्ला_लोकल चेष्टेत बरोबर बोलून गेलेत. गाडी उभी राहणं हा बिघाड नव्हे, किती वेळ उभं राहायचं ते प्रत्येक प्रवाशाने मनाशी वेगळं ठरवलेलं असणं हा बिघाड.

कंट्रोलर पलटतो तेव्हा उरलेल्याला जोडीदाराच्या डिस्कवर ताबा घ्यायचा असतो, त्याच्या कॅशमधलं अर्धवट लिखाण पुरं करायचं असतं, व्हॉल्यूम उभे करायचे असतात, मग होस्टना सांगायचं असतं की आता या दाराने या. तोपर्यंत स्टोरेज 'नाही' म्हणत नाही, उत्तरच देत नाही. ७० सेकंद मला जास्त वाटतात, पण अशक्य नाहीत. कंपनीच्या मॅन्युअलमध्ये जास्तीत जास्त किती ते दिलेलं असतं. तेच त्यांच्याकडून लेखी घ्या. 'नॉन-डिसरप्टिव्ह'चा अर्थ 'एका ठराविक मुदतीच्या आत परत येईन' एवढाच.

आता वरची बाजू. लिनक्स प्रत्येक स्कझी (डिस्कशी बोलायची जुनी पद्धत) डिस्कला एक घड्याळ बांधतो, मुळात ३० सेकंदांचं. हा आकडा आमच्या जमान्यातला, पट्टीची केबल आणि तिच्या टोकाला टर्मिनेटर असायचा तेव्हाचा. तेव्हा ३० सेकंद गप्प राहिलेली डिस्क मेलेलीच असायची. आता डिस्कच्या नावाखाली तीन मजली इमारत आहे, पण घड्याळ तेच. म्हणून व्हीएमवेअर टूल्स (व्हीएमच्या आत टाकायचं मदतनीस सॉफ्टवेअर) टाकली की सोबत एक युडेव्ह नियम (डिस्क दिसली की लिनक्स आपोआप लावतो तो) येतो आणि तो हे घड्याळ १८० सेकंदांवर नेतो.

माझी पैज: तुमच्या ११ मध्ये टूल्स नाहीत. सिस-ब्लॉक खाली एसडीए (व्हीएमची पहिली डिस्क), त्याखाली डिव्हाइस, त्यात 'टाइमआउट' नावाची फाइल आहे. कॅट करून आकडा इथे टाका.

आणि एक आत्ताच सांगतो: त्याच फाइलीत १८० लिहून मोकळे होऊ नका, रीबूटला पुसलं जातं. ओपन-व्हीएम-टूल्सचं पॅकेज टाका. आणि टेम्प्लेट (ज्या साच्यातून नव्या व्हीएम काढता तो) विसरू नका.

खिडकीवाला | सकाळी ९:३०

(ठाण्याहून विंडो सीट मिळाली आहे, म्हणून सविस्तर.)

विंडोजला ओरखडा नाही असं म्हणू नका. सिस्टीम लॉग उघडा, १:२१ च्या आसपास १२९ नंबरचा इव्हेंट सापडेल: 'रीसेट टू डिव्हाइस'. कदाचित १५३ पण. विंडोजची मुदत ६० सेकंद, तुमचा खोळंबा ७०. म्हणजे तिनेही घड्याळ बघितलं, डिव्हाइस रीसेट केलं, पुन्हा विचारलं, तेवढ्यात स्टोरेज आलं. १० सेकंदांनी वाचलात.

रजिस्ट्रीत डिस्क सर्व्हिसखाली 'टाइमआउट-व्हॅल्यू' आहे, तिथे वाढवता येतं. पण हा आकडा टाकताना हेक्झाडेसिमलचं (सोळाच्या पायाच्या मोजणीचं) बटण दाबलेलं असतं! आमच्याकडे एका पोराने स्टोरेजच्या मॅन्युअलप्रमाणे १९० टाकला. हेक्झाडेसिमलमधला १९० म्हणजे ४००. साडेसहा मिनिटांच्या वर! दोन वर्षं कुणाला पत्ता नाही. एकदा खरोखरच एक एलयूएन (स्टोरेजने दिलेली डिस्क) चुकून काढलं गेलं, तेव्हा सर्व्हर एरर द्यायलाच तयार नाही, नुसता बसून. त्या दिवशी कळलं.

नवशिक्या | सकाळी ९:४१

एक बेसिक प्रश्न. लॉगमध्ये काहीच का नाही? एरर आली तर लिहायला नको का?

खिडकीवाला | सकाळी ९:४४

लिहिणार कुठे? लॉगची फाइल त्याच डिस्कवर. घराला आग लागली आणि फायर ब्रिगेडचा नंबर घरातल्या डायरीत.

मुलुंडचा_म्हातारा | सकाळी १०:१०

कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) मेमरीत असतं, डीमेसेज कमांडने दिसतं, पण रीबूट केलं की गेलं. म्हणून रीबूटच्या आधी कन्सोल बघायचा. रबाळेंनी फोटो काढला ते फार शहाणपणाचं केलं. त्याहून चांगलं म्हणजे सगळ्यांचे लॉग नेटवर्कवरून दुसऱ्या मशीनवर पाठवणं, आणि त्या मशीनची डिस्क या स्टोरेजवर नको.

रबाळे_रात्रपाळी | दुपारी १:२०

झोपून उठलो. म्हातारबुवा, पैज तुम्ही ऐंशी टक्के जिंकलात.

११ पैकी ९ मध्ये ३०. या नऊही एका जुन्या टेम्प्लेटमधून काढलेल्या, त्यात टूल्स नव्हती. पण दोन गोष्टी पटत नाहीत. एक, त्याच टेम्प्लेटमधल्या अजून चार व्हीएम आहेत, त्यांतही ३०, आणि त्या जिवंत राहिल्या. दोन, ११ मधल्या उरलेल्या दोघींत एसडीएचा आकडा १८० आहे. तरी गेल्या!

खिडकीवाला, १२९ सापडला. एका नाही, सतरा मशीनवर. साहेबांना अजून सांगितलेलं नाही.

मुलुंडचा_म्हातारा | दुपारी २:००

पहिल्याचं उत्तर आहे. ३० म्हणजे तिसाव्या सेकंदाला गळफास असं नसतं. ३० झाले की कर्नल ती कमांड रद्द करायला सांगतो. रद्द झाल्याचा निरोप आला तर तीच कमांड पुन्हा पाठवतो, असं साधारण पाचदा. म्हणजे मनात आणलं तर ७० सेकंद आरामात निघतात. पण रद्द करणंच फसलं, तर डिव्हाइस रीसेट, टार्गेट रीसेट, बस रीसेट, होस्ट रीसेट अशी पायरी-पायरीने चढाई. सगळ्या पायऱ्या संपल्या की डिस्क 'ऑफलाइन'. तुमच्या फोटोतली दुसरी ओळ तीच. एकदा ऑफलाइन केली की स्टोरेज परत आलं तरी कर्नल तिच्याकडे बघत नाही, रुसतो.

शिवाय त्या ७० सेकंदांत लिहायला काही होतं का, हेही आहे. त्या चार व्हीएम रात्री दीडला झोपलेल्या असतील.

दुसऱ्याचं उत्तर माझ्याकडे नाही. १८० असून ७० ला जाणं बसत नाही.

स्वस्त_सर्व्हर | दुपारी २:३५

म्हणून म्हणतो, केव्हीएमवर (व्हीएम चालवायची लिनक्सची सोय) या. तिथल्या व्हर्टआयओ-ब्लॉक या आभासी डिस्कला पाहुण्याच्या (म्हणजे व्हीएमच्या) बाजूने घड्याळच नाही. स्टोरेज दहा मिनिटं गेलं तर व्हीएम दहा मिनिटं वाट बघते, आलं की जिथे होती तिथून पुढे. आमच्या सेफवर (अनेक सर्व्हरवर पसरलेलं स्टोरेज) एकदा पूर्ण रॅक गेला होता, वीस मिनिटांनी आला, एकही रीड-ओन्ली नाही.

आणि होस्टला एरर आलीच तर क्यूएमूला (व्हीएम चालवणारा प्रोग्रॅम) 'स्टॉप' सांगून ठेवायचं. व्हीएम पॉज होते, पाहुण्याला कळतही नाही, मग विर्श रिझ्यूम ही कमांड.

डीबीए_ताई | दुपारी ३:०५

स्वस्त_सर्व्हर, अर्धंच सांगितलंत. घड्याळ नाही म्हणजे त्रास नाही असं नव्हे. १२० सेकंद झाले की कर्नल 'टास्क ब्लॉक्ड फॉर मोअर दॅन १२० सेकंद्स' म्हणून बोंब मारायला लागतो. नुसती बोंब असेल तर ठीक. पण आमच्याकडे कुणीतरी हार्डनिंगच्या नावाखाली हंग-टास्क-पॅनिक १ करून ठेवलं होतं, म्हणजे बोंबेऐवजी कर्नल स्वतःच कोसळतो. स्टोरेज तीन मिनिटं अडकलं आणि सोळा व्हीएम पॅनिक होऊन आपण होऊन रीबूट झाल्या, त्याही एकदम, त्याच अडकलेल्या स्टोरेजवर. केव्हीएमच होतं ते.

स्वस्त_सर्व्हर | दुपारी ३:१२

ते सेटिंग ज्याने केलं त्याचा दोष.

डीबीए_ताई | दुपारी ३:१५

इथेही ज्याने टेम्प्लेट केलं त्याचाच आहे.

चाळकरी | दुपारी ४:००

अवांतर: अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडवर एनव्हीएमई (नव्या वेगवान पद्धतीच्या) डिस्कचा टाइमआउट जितका वाढवता येईल तितका वाढवा असं त्यांचंच कागदपत्र सांगतं. मुळात ३० सेकंद, आणि नव्या कर्नलवर जास्तीत जास्त ४२९४९६७२९५. हिशोब केला तर १३६ वर्षं होतात.

आमच्या चाळीच्या रीडेव्हलपमेंटला बिल्डरने दिलेली मुदत याच्या आतली आहे की नाही, याबद्दल सोसायटीत मतभेद आहेत.

कुर्ला_लोकल | दुपारी ४:०४

हहपुवा (हसून हसून पुरे वाट). बिल्डर रद्द झाल्याचा निरोप आला की पुन्हा पाठवायचा, साधारण पाचदा.

डीबीए_ताई | दुपारी ४:३०

हसा, पण सगळीकडे १३६ वर्षं टाकायची नसतात. माझा मूळ मुद्दा लिहायचाच राहिला.

रीड-ओन्ली झाली म्हणून सगळे रडताहेत. ती झाली हे नशीब समजा. एक्सटी-फोरला (लिनक्सची फाइलसिस्टम) जर्नलमध्ये (बदलांच्या नोंदवहीत) लिहिता आलं नाही, तर त्याला दोनच वाटा: थांबणं किंवा खोटं बोलणं. तो थांबला. एक्सएफएस (दुसरी फाइलसिस्टम) असतं तर आणखी कडक, पूर्ण बंद, वाचायलाही देत नाही. आणि जर्नल मोडल्यावर नुसतं रीमाउंट करून रीड-राइट करायला जाऊ नका, सहसा होतही नाही. रीबूट आणि एफएससीके हेच बरोबर. रबाळेंनी घाईत का होईना, योग्य केलं.

खोटं बोलणं काय असतं ते पोस्टग्रेस डेटाबेसवाल्यांना विचारा. २०१८ मध्ये त्यांच्या लक्षात आलं की लिनक्सवर एफसिंक (लिखाण डिस्कवर पक्कं करायला सांगणं) एकदा फसलं आणि पुन्हा केलं, तर दुसऱ्यांदा 'झालं' असं उत्तर येऊ शकतं, प्रत्यक्षात ती पानं डिस्कवर गेलेलीच नसतात. तेव्हापासून एफसिंक फसलं की पोस्टग्रेस स्वतः पॅनिक होऊन पडतं आणि लॉगवरून पुन्हा उभं राहतं. पडणं परवडतं.

आणि टाइमआउट वाढवताना वर कोण बसलंय ते बघा. व्हीएमच्या आत दोन डिस्कचा मिरर (दोन्हीवर तेच लिखाण) लावला असेल, तर एक डिस्क गेल्यावर मिररला ते लवकर कळायला हवं. १८० सेकंद तो मेलेल्या डिस्कच्या तोंडाकडे बघत बसेल. ओरॅकलच्या आरएसीमध्ये (अनेक सर्व्हरवर चालणारा एकच डेटाबेस) व्होटिंग डिस्कची (कोणता सर्व्हर जिवंत ते ठरवणारी) स्वतःची मुदत असते, मुळात २०० सेकंद. त्याच्या आत खालचं सगळं बसलं पाहिजे. खालच्याने वरच्याच्या आधी परत यायचं, एवढंच गणित. प्रत्येक मजल्याचा आकडा कागदावर एकाखाली एक लिहून काढा, मग कोण आधी हात वर करतो ते दिसेल.

रबाळे, त्या उरलेल्या दोघी कोण आहेत? डेटाबेस आहेत का?

रबाळे_रात्रपाळी | संध्याकाळी ५:१०

हो ताई, दोन्ही डेटाबेसच. तुम्हाला कसं कळलं?

डीबीए_ताई | संध्याकाळी ५:१२

डेटाबेसवाल्यांना सगळं वेगळं लागतं. मीही त्यातलीच. त्यांच्या डेटा डिस्क व्हीएमवेअरच्या आहेत की आतून थेट आयस्कझीने (नेटवर्कवरून डिस्क जोडायची पद्धत) जोडल्यात? आणि तुम्ही एसडीए बघितलीत म्हणता. रीड-ओन्ली कुठली झाली होती?

चाळकरी | संध्याकाळी ६:००

तोवर एक आठवण. १२ ऑक्टोबर २०२०, सोमवार, सकाळी दहाच्या सुमारास मुंबईची वीज गेली तो दिवस. लोकल जागच्या जागी उभ्या. मी तेव्हा महाप्याच्या एका सेंटरला होतो, बहुतेक लोक घरून काम करत होते. यूपीएसने धरलं, जनरेटर उठले, सगळं कागदावर लिहिल्याप्रमाणे. फक्त एका स्टोरेजचे दोन्ही पॉवर सप्लाय कुणीतरी एकाच पीडीयूला (रॅकमधली वीज वाटणारी पट्टी) लावले होते आणि नेमका तोच पडला. दोन कंट्रोलर, दोन स्विच, दोन-दोन केबल, आणि शेवटी एकच सॉकेट.

मुलुंडचा_म्हातारा | संध्याकाळी ६:२०

हे मी चार वेगवेगळ्या ठिकाणी बघितलंय. दोन रंगांच्या वायरी वापरा, लाल आणि निळी. एका बॉक्सवर दोन्ही निळ्या दिसल्या की समजायचं.

रबाळे_रात्रपाळी | मंगळवार, पहाटे १:४०

ताई, दंडवत घ्या.

मी फक्त एसडीए बघितली होती. ती ऑपरेटिंग सिस्टीमची, व्हीएमवेअरची डिस्क, तिचे १८० बरोबर. रीड-ओन्ली झालेली डेटाची डिस्क म्हणजे एसडीबी आणि एसडीसी मिळून केलेली मल्टिपाथ डिस्क, म्हणजे एकाच डिस्ककडे जाणारे दोन रस्ते. व्हीएमच्या आतून थेट त्याच स्टोरेजवर आयस्कझीने जोडलेली. सहा वर्षांपूर्वीच्या डीबीएला (डेटाबेस सांभाळणाऱ्याला) स्टोरेजचे स्नॅपशॉट (त्या क्षणाच्या प्रती) थेट हवे होते म्हणून. तो गृहस्थ आता दुबईला.

टूल्सचा युडेव्ह नियम डिस्कचा व्हेंडर 'व्हीएमवेअर' असेल तरच लागतो. या डिस्कचा व्हेंडर स्टोरेज कंपनी. म्हणून एसडीबीवर ३०, एसडीसीवर ३०.

पण खरी मजा पुढे आहे. आयस्कझीचा रिप्लेसमेंट टाइमआउट (तुटलेल्या रस्त्याची वाट बघायची मुदत) मुळात १२० असतो, इथे ५. आणि मल्टिपाथच्या फाइलीत नो-पाथ-रिट्राय समोर 'फेल'. म्हणजे सगळे रस्ते बंद दिसले रे दिसले की वर लगेच एरर. ७० काय, १० सेकंदांतही गेल्या असत्या.

फाइलीच्या डोक्यावर कॉमेंट आहे: 'अ‍ॅज पर बेस्ट प्रॅक्टिस'.

मुलुंडचा_म्हातारा | मंगळवार, सकाळी ७:३०

५ सेकंद चूक नाही, जागा चुकली आहे. मल्टिपाथ असताना एक रस्ता बंद पडला तर ५ सेकंदांत सोडून दुसरा धरायचा हे रास्त आहे. पण ते तेव्हाच चालतं जेव्हा दुसरा रस्ता उघडा असतो. कंट्रोलर पलटताना काही काळ दोन्ही बंद असतात, आणि त्या काळासाठीच नो-पाथ-रिट्राय असतं. तिथे 'फेल' लिहिणं म्हणजे दोन्ही फाटकं बंद दिसली की घरी परत जाणं.

ईएसएक्सआयच्या डिस्कना हा त्रास झाला नाही कारण होस्ट स्वतः वाट बघतो. सगळे रस्ते गेले की १४० सेकंदांचं एपीडी (ऑल पाथ्स डाउन) घड्याळ चालू होतं. त्यानंतर होस्ट स्वतःची कामं सोडून देतो, पण व्हीएमचं लिखाण पुन्हा पुन्हा पाठवतच राहतो. तुम्ही १४० च्या आत आलात. त्या दोन डेटाबेसनी मात्र होस्टला वळसा घालून थेट स्टोरेज गाठलं, तेव्हा तो धीर त्यांच्या वाट्याला आलाच नाही.

स्वस्त_सर्व्हर | सकाळी ९:००

नो-पाथ-रिट्राय समोर 'क्यू' लिहा आणि सुटा. अनंत काळ वाट बघेल.

डीबीए_ताई | सकाळी ९:२०

'क्यू' नको. स्टोरेज कायमचं गेलं तर प्रत्येक प्रोसेस डी स्टेटमध्ये (डिस्कची वाट बघत गोठलेली) अडकते, किल होत नाही, व्हीएम नीट शटडाउनही होत नाही. आकडा द्या. तपासणी दर ५ सेकंदांनी होते, तेव्हा २४ दिलेत तर १२० सेकंद. तुमचे ७० त्यात बसतात आणि वर ५० हाताशी.

स्वस्त_सर्व्हर | सकाळी ९:२५

५० हाताशी ठेवायचे आणि पुढच्या रविवारी फेलओव्हरला (कंट्रोलर पलटायला) १२५ लागले तर?

डीबीए_ताई | सकाळी ९:२८

म्हणून म्हातारबुवांनी कंपनीकडून जास्तीत जास्तचा आकडा लेखी मागायला सांगितलंय. तो आला की २४ चे ३६ करा.

नवशिक्या | सकाळी १०:१५

हे खरं स्टोरेज न पाडता कसं तपासायचं? की थेट रविवारीच?

स्वस्त_सर्व्हर | सकाळी १०:४०

केव्हीएमवर सोपं आहे. एक फुटकळ व्हीएम घ्या, तिची डिस्क होस्टवरच्या एलव्हीएमच्या (डिस्कचे भाग पाडायची लिनक्सची सोय) व्हॉल्यूमवर ठेवा, आत सतत लिहिणारा काहीतरी लूप लावा. मग होस्टवर डीएमसेटअप सस्पेंड ही कमांड. त्या व्हॉल्यूमवरचं सगळं लिखाण तिथल्या तिथे गोठतं, एरर नाही, उत्तर नाही, हुबेहूब फेलओव्हरसारखं. घड्याळ लावून ९० सेकंदांनी रिझ्यूम. डिस्क एकदा व्हर्टआयओवर आणि एकदा जुन्या धाटणीच्या स्कझी कंट्रोलरवर ठेवून बघा, फरक डोळ्यांना दिसेल. मीही हे बघितल्यावरच इथे भांडायला आलो.

खिडकीवाला | सकाळी ११:०५

दोन कंट्रोलर दोन वेगळ्या फर्मवेअरवर आठवडाभर चालवताय हे मला एकट्यालाच खटकतंय का?

रबाळे_रात्रपाळी | सकाळी ११:३०

नाही, मलाही खटकतंय. इंजिनियर म्हणाला चालतं. लेखी मागितलं तर म्हणाला विचारून सांगतो. ११ व्हीएमच्या प्रकारानंतर बदल मंजूर करणारी समिती आठवड्याच्या मधला दिवस द्यायला तयार नाही.

पोहेवाली | दुपारी १२:००

धागा अर्धाही कळला नाही, पण नवरा याच क्षेत्रात आहे. रविवारी रात्री दोनला हॉलमध्ये फेऱ्या मारत "पिंग तर चालू आहे, पिंग तर चालू आहे" म्हणत असतो. आज पहिल्यांदा कळलं की त्याला काय होतं.

चाळकरी | दुपारी १२:०५

ताई, त्यांना रीबूट करू नका. आधी कन्सोलचा फोटो काढा.

रबाळे_रात्रपाळी | पुढचा सोमवार, पहाटे ४:१५

अपडेट देतो, नंतर कोणी शोधत आलं तर उपयोगी पडेल.

आठवडाभरात केलेलं काम: टूल्स नसलेल्या तेराच्या तेरा व्हीएमवर ओपन-व्हीएम-टूल्स टाकलं आणि प्रत्येक डिस्कचा आकडा तपासला, या वेळी फक्त एसडीए नाही. विंडोजवर १९०, डेसिमलचं बटण दोनदा बघून. दोन डेटाबेसच्या मल्टिपाथमध्ये 'फेल' काढून ३६, कारण स्टोरेजवाल्यांचं शेवटी लेखी उत्तर आलं: जास्तीत जास्त १२० सेकंद. रिप्लेसमेंट टाइमआउट ५ च ठेवला. एसडीबी-एसडीसीला स्वतःचा युडेव्ह नियम लिहिला. लॉग आता दुसऱ्या रॅकवरच्या एका जुन्या मशीनवर जातात, तिची डिस्क तिच्याच पोटात.

आज १:१० ला दुसरा कंट्रोलर खाली घेतला. या वेळी ८४ सेकंद. म्हणजे आधीचे ७० हा काही पक्का आकडा नव्हता. ८४ सेकंद मी डेटाबेसच्या कन्सोलकडे बघत होतो. 'रिमेनिंग अ‍ॅक्टिव्ह पाथ्स: ०' अशी ओळ आली, मग काहीच नाही, कर्सर नुसता लुकलुकतोय. मग 'पाथ्स: १'. डेटाबेस जिवंत. एका कमिटला (डेटाबेसमधला बदल पक्का व्हायला) ८४ सेकंद लागले, एवढीच नोंद.

११ च्या जागी किती गेल्या? एक.

बुधवारी आमच्या सहकाऱ्याने रिपोर्टिंगसाठी नवी व्हीएम काढली. जुन्या टेम्प्लेटमधून.

मुलुंडचा_म्हातारा | सकाळी ६:३०

माझ्या पहिल्या प्रतिसादाची शेवटची ओळ वाचा.

रबाळे_रात्रपाळी | सकाळी ६:३४

वाचली. आत्ता तेच उघडून बसलोय. ठाण्याची ७:१० ची गाडी सोडली.